नवरदेवाच्या मांडीवरची लेन्स

ल्वान्यागा हा आमच्या मसाका शहरातला सगळ्यात महागडा फोटोग्राफर. सगळ्यात चांगला आहे असं तो स्वतः सांगतो. महागडा आहे असं लोक सांगतात.

समारंभात तो पाहुणा नसतो आणि यजमानही नसतो, पण हुकूम त्याचाच चालतो. एखादी आजी गुडघे टेकून पाहुण्यांना नमस्कार करते. तो म्हणतो, "आजी, पुन्हा एकदा. उजेड बरोबर नव्हता." आजी कण्हत उठते आणि पुन्हा टेकते. केक पुन्हा कापला जातो. एका दफनाच्या वेळी त्याने पेटी खाली सोडणाऱ्यांना ती जराशी वर घ्यायला सांगितली होती. त्यांनी घेतली. मी तिथेच उभा होतो.

मी त्याचा मित्र. मकेरेरे विद्यापीठात साहित्य शिकलो. आता शाळेत तेच शिकवतो. ल्वान्यागा मला प्रोफेसर म्हणतो. त्यात आदर नाही.

गेल्या वर्षी त्याचं लग्न ठरलं. मुलगी नासूना. इस्पितळात औषधं देते. कमी बोलते आणि नेमकं बोलते. तिच्या वडिलांची कालुंगूला कॉफीची गिरणी आहे. जावई फोटो काढतो हे त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "फोटो काढतो ते ठीक. काम काय करतो?"

हे वाक्य ल्वान्यागाला लागलं. त्याने ठरवलं, आपल्या क्वांजुलाचे, म्हणजे मागणीच्या समारंभाचे, फोटो असे काढायचे की म्हाताऱ्याने आयुष्यभर भिंतीकडे बघत बसावं.

अडचण एवढीच की क्वांजुलात नवऱ्यामुलाला काही करता येत नाही. सगळी वरात नवरीच्या दारी जाते, दोन्हीकडचे वक्ते तासन्‌तास एकमेकांची फिरकी घेतात, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललेलं असतं तो पुरुषांच्या रांगेत मान खाली घालून गप्प बसतो. त्याने तोंड उघडायचं नाही. नवरीची सख्खी आत्या, म्हणजे सेंगा, येते, रांगेतून त्याला शोधून काढते, कोटाला फूल लावते आणि हाताला धरून उठवते. तो उठला की मुलगी पसंत आहे असं समजायचं. त्याच्याकडून एवढीच अपेक्षा असते.

तेव्हा फोटो दुसऱ्या कोणीतरी काढायला हवे होते. मसाकातल्या बाकीच्या फोटोग्राफरांचा ल्वान्यागाने वेळोवेळी अपमान करून ठेवलेला होता. उरलो मी.

"तुला काही येत नाही हेच बरं," तो म्हणाला. "चुकीचं काही शिकलेला तरी नाहीस. तू फक्त बटण दाब. बाकीचं माझी लेन्स बघेल."

ती लेन्स म्हणजे एक जाडजूड नळकांडं होतं. पुढची काच भाताच्या वाडग्याएवढी. ती गळ्यात अडकवून तो चालायचा तेव्हा लोक वाट द्यायचे. क्वांजुलासाठी त्याने जुना कॅमेरा विकून नवा घेतला. नवा कॅमेरा आणि जुनी लेन्स एकमेकांशी बोलेनात. लेन्स लावली की पडदा काळा पडायचा आणि त्यावर सूचना यायची: लेन्सचं फर्मवेअर अपडेट करा.

लेन्सच्या पोटात एक बारीकसं डोकं असतं आणि त्यात अधूनमधून नवी अक्कल भरावी लागते, हे मला तेव्हा कळलं. त्यासाठी लेन्सच्या बुडाला एक चकती बसवायची, चकतीची वायर कॉम्प्युटरला जोडायची आणि कंपनीचा प्रोग्राम चालवायचा.

ल्वान्यागाचा लॅपटॉप नवाकोरा होता. त्याने तो अर्ध्या मसाकाला दाखवला होता. प्रोग्रामने त्यावर चढायला नकार दिला.

मी सूचना वाचली. "प्रोग्राम जुना आहे. तुझ्या नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही."

"म्हणजे माझा कॉम्प्युटर फारच चांगला आहे."

"तसंही म्हणता येईल."

त्याने कंपनीला लिहिलं. कंपनीने फार सभ्य उत्तर दिलं. आपली अडचण आम्हाला समजते, कृपया जवळच्या सेवाकेंद्रात जावे. जवळचं सेवाकेंद्र समुद्रापलीकडे होतं.

मग आम्ही जुना कॉम्प्युटर शोधत फिरलो. न्येन्डोच्या सायबर कॅफेत एक हवा तसा जुना होता, पण त्यावर काही नवं चढवायला पासवर्ड लागायचा, आणि पासवर्ड मालकाच्या भावाला ठाऊक होता, आणि भाऊ दुबईला गेला होता. मालक म्हणाला, तो नाताळात येतो. चर्चच्या कचेरीतला कॉम्प्युटर त्याहून जुना. त्याने लेन्सला प्रिंटर समजून कागद मागितला. फादर शेजारीच होते. त्यांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. एक डोकं ल्वान्यागाचं, दुसरं लेन्सचं. दोन्हींत फरक पडला नाही.

नासूनाने फोन केला. ल्वान्यागाने मला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. आपलीच बाजू वरचढ ठरेल असं त्याला वाटलं असावं.

"कॅमेऱ्याबरोबर छोटी लेन्स आली आहे ना? ती का नाही लावत?"

"ती? ती पासपोर्टच्या फोटोची लेन्स आहे."

"मग मला पासपोर्टसारखी काढा. निदान मी नीट दिसेन."

"तुला यातलं कळत नाही, नासूना."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिचं ते 'बरं' मला आवडलं नाही.

क्वांजुलाच्या दिवशी सकाळी ल्वान्यागा माझ्या खोलीवर आला. अंगात पांढराशुभ्र पायघोळ कांझू, वर काळा कोट, काखेत लेन्स.

"प्रोफेसर, तुझा तो कॉलेजातला डबा अजून चालतो का?"

माझा लॅपटॉप चालत होता. त्याच्या दोन कळा गेल्या होत्या आणि बॅटरी इतकी मेली होती की वायर काढली की तो थोड्याच वेळात बंद पडे. माझा प्रबंध त्याच्यातच होता. प्रोग्राम त्यावर पहिल्याच झटक्यात चढला. लेन्स ओळखली गेली. पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकू लागली आणि खाली लाल अक्षरं आली: अपडेट पूर्ण होईपर्यंत लेन्स काढू नका, कॉम्प्युटर बंद करू नका, नाहीतर लेन्स कायमची निकामी होईल.

बाहेर व्हॅनचा हॉर्न वाजला. सगळी वरात गाडीत बसली होती.

"संध्याकाळी करू," मी म्हणालो.

"सेंगा मला संध्याकाळी उठवणार आहे का?"

त्याने लॅपटॉप मांडीवर घेतला, व्हॅनमधल्या सॉकेटला लावला आणि आम्ही कालुंगूला निघालो. पट्टी निम्म्यावर येऊन थांबली. मग हलली. मग पुन्हा थांबली. वाटेत बायका गाणी म्हणत होत्या. नवरदेव पट्टीकडे बघत होता.

मांडवात पोचल्यावर त्याने गाणी वाजवणाऱ्या पोराच्या हातात नोट कोंबली. जनरेटरपासून चटयांखालून एक वायर आली ती थेट नवरदेवाच्या खुर्चीपर्यंत. लॅपटॉप मांडीवर, लेन्स त्याच्यावर, आणि या सगळ्यावर अंगातला कोट पुढे ओढून पसरलेला. दिसायला तो थोडा पोट सुटलेला, फार लाजरा मुलगा दिसत होता. मला त्याने छोटी लेन्स लावलेला कॅमेरा दिला. "अपडेट झाला की खूण करीन. तोवर किरकोळ काढत राहा."

मी किरकोळ काढत राहिलो.

आमचे वक्ते काटेंडे, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना मांडीवरच्या प्रकरणाची कल्पना नव्हती. नवरीकडचे वक्ते ब्बोसा.

ब्बोसा म्हणाले, "एवढी माणसं, एवढ्या बकऱ्या. रस्ता चुकलात का?"

"साहेब, तुमच्या घरातून एक सुवास आला. त्याच्या मागे आलो."

"तो कॉफीचा. दुकानात मिळते. परत जा."

"आमचा मुलगा झोप लागत नाही म्हणतो. कॉफी नको त्याला."

बायका हसल्या. सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. शेवटी सेंगा निघाली. अंगात हिरवा चमकदार पायघोळ झगा, गोमेसी, हातात फूल, कमरेला असा झोका की ढोलवाला तिच्या तालावर वाजवू लागला. तिने रांगेतल्या एकेकाला न्याहाळलं. "हा? याच्या नजरेत अजून तीन मुली आहेत." पुढे. "हा? हा जेवायला आलाय." पुढे. ल्वान्यागापुढे ती थांबली. फूल लावलं. बायकांनी जिभा हलवत आनंदाची हुलहुल सुरू केली. सेंगाने त्याचा हात धरून ओढला.

तो उठला नाही.

तिला वाटलं चेष्टा आहे. तिने पुन्हा ओढलं. त्याने मांडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मान हलवली. आडवी.

ढोल थांबला. हुलहुल अर्ध्यात विरली. घराच्या खिडकीत पडदा थोडा बाजूला होता आणि तिथे नासूना उभी होती.

ब्बोसा सावकाश म्हणाले, "काटेंडे साहेब, मुलगा नाही म्हणतोय."

"लाजतोय तो."

"लाजणारा मान खाली घालतो. याने हलवली."

काटेंड्यांनी रुमाल काढला. मुख्याध्यापक म्हणून त्यांनी अनेक खोटी कारणं ऐकली होती. स्वतःला एक सुचेना. आणि तेवढ्यात मांडवात असा आवाज आला जो तिथे कधीच यायला नको होता. नवरदेव बोलला.

"सेंगा, जरा थांबा. मागे जाऊन पुन्हा एकदा या."

सवय होती त्याची. मी त्याच्यासाठी एवढंच म्हणू शकतो.

सेंगा मागे गेली नाही. तिने कोटाची बाजू उचलली. खालून निळा उजेड आला. तिने वायर पाहिली, वायरीच्या मागोमाग नजर जनरेटरपर्यंत नेली आणि परत आणली.

"काटेंडे साहेब," ती म्हणाली, "तुमचा मुलगा विजेवर चालतो."

मांडव इतका हसला की एक बकरी दावं तोडून पळाली. ब्बोसांनी हसू ओसरू दिलं. मग विचारलं, "आणि आमची मुलगी नेल्यावर वीज गेली तर? तिने याला कुठे लावायचं?"

ल्वान्यागा पट्टीकडे बघत होता. अगदी थोडी उरली होती.

नासूनाच्या वडिलांनी ब्बोसांना जवळ बोलावून कानात काही सांगितलं. ते हसत नव्हते. ब्बोसा उभे राहिले.

"घरच्यांचं म्हणणं असं. पाहुण्यांनी साखर आणली, साबण आणला, बकऱ्या आणल्या. पण ज्याच्यासाठी मुलगा उठत नाही, ते अजून त्याच्या मांडीवरच आहे. ते सगळं, आहे तसं, या भेटींत ठेवा. मग मुलगी बाहेर येईल. नाहीतर जेवून जा. जेवण तयार आहे."

"मान्य," काटेंडे म्हणाले. त्यांचं काय जात होतं.

लॅपटॉप माझा आहे, हे मला सांगायचं होतं. पण वरातीतल्या माणसाने बोलायचं नसतं, आमच्यासाठी वक्ता बोलतो. आणि वक्ता बोलून बसला होता.

सगळे ल्वान्यागाकडे बघत होते. एका बाजूला सेंगाचा पुढे केलेला हात. दुसऱ्या बाजूला ती पट्टी. त्याने हाताकडे पाहिलं. मग पट्टीकडे पाहिलं. मग पुन्हा हाताकडे, आणि पुन्हा पट्टीकडे. मी कॅमेऱ्याचं बटण दाबलं. मला दुसरं काही सुचलं नाही.

खिडकीतला पडदा बंद झाला.

तेव्हा तो उठला. इतका पटकन की फूल गळून पडलं. वायरीसकट सगळा संसार त्याने साखरेच्या पोत्याशेजारी चटईवर ठेवला, लहान मूल ठेवावं तसा. "अजून काढू नका" म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि काटेंड्यांनी त्याच्या पायावर पाय दिला. मुलं आली, साखर घेऊन गेली, साबण घेऊन गेली. दोन आडदांड भाऊ आले आणि लेन्स, लॅपटॉप घेऊन गेले. वायर त्यांच्यामागे फरफटत गेली, एका खुर्चीत अडकली, ताणली आणि सुटली.

थोड्या वेळाने नासूना बाहेर आली. फार सुंदर दिसत होती. त्याच्याकडे तिने बघितलं नाही. जेवणाच्या वेळी मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. ताटात केळीच्या पानात शिजवलेली कोंबडी होती. त्याने तिला हात लावला नव्हता.

"पूर्ण झाला असेल का रे?" तो म्हणाला.

मला वाटलं, तो समारंभाबद्दल विचारतोय. तो अपडेटबद्दल विचारत होता.

फोटो सगळे चांगले आले. छोट्या लेन्सने काढलेले, मी काढलेले, एकही धूसर नाही. ल्वान्यागाने ते मोठे करून स्टुडिओत लावले. गिऱ्हाइकांना सांगतो, नवी यंत्रणा आहे, अपडेट केलेली. दरही वाढवला.

घरातल्या भिंतीवर मात्र एकच फोटो आहे. तो नासूनाने निवडला. त्यात सेंगाचा हात पुढे आहे आणि नवरदेव खाली मांडीकडे बघतोय. चेहऱ्यावर निळसर उजेड पडला आहे. मोठी प्रेमळ नजर आहे. पाहुणे विचारतात, काय बघत होते? नासूना म्हणते, "मला नव्हे." आणि चहा आणायला जाते.

गेल्या महिन्यात तो सासुरवाडीला गेला तेव्हा मीही बरोबर होतो. बैठकीच्या काचेच्या कपाटात, चिनी कपांच्या मधोमध ती लेन्स आहे. चकती अजून बुडाला. वायर आत मावेना म्हणून कापून टाकली आहे. लॅपटॉप खालच्या फळीवर, त्याच्यावर विणलेला रुमाल. लेन्स चालते की मेली, कोणालाच माहीत नाही. कॅमेऱ्याला लावून बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि क्वांजुलात दिलेली वस्तू जावई परत मागू शकत नाही. हातातही घेऊ शकत नाही. ल्वान्यागा दुपारभर कपाटासमोर बसून होता. मीही रुमालाखाली काही दिसतं का बघत होतो.

सासरे आले. त्यांनी विचारपूस केली. "अजून फोटोच काढता?"

"हो," ल्वान्यागा म्हणाला.

"बरं बरं." त्यांनी खिशातून फोन काढला. "या, तुमचा एक काढतो. तिथेच उभे राहा, कपाटाजवळ."

ल्वान्यागा उभा राहिला. फोनचा क्लिक असा आवाज झाला. सासऱ्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितला.

"पुन्हा एकदा," ते म्हणाले. "जरा सरका. तुमच्यामुळे लेन्स दिसत नाही."

तो सरकला.