बैलाचा पुढचा पाय

दहावीच्या निम्म्या वर्गानं चाचणीत बेधडक लिहून टाकलं, की फुलपाखरू आणि कावळा एकाच कुळातले, कारण दोघांनाही पंख. शुभांगीबाईंनी कपाळाला हात लावला. तेलंगणातल्या तामसीच्या शाळेत त्या मराठी माध्यमाला जीवशास्त्र शिकवतात, रोज आदिलाबादहून बसनं येतात. फळ्यावर चित्र काढावं तर त्यांनीच. पण चित्रातलं हाड हातात घेऊन बघता येत नाही, आणि पोरं काही बघितल्याशिवाय विश्वास ठेवणाऱ्यांतली नाहीत.

म्हणून त्यांनी शिवारातल्या बांधाजवळ पडलेली बैलाच्या पुढच्या पायाची वाळकी हाडं उचलून घरी आणली, सोड्याच्या पाण्यात धुतली आणि गच्चीवर उन्हात ठेवली. तिथंच ती चंद्रभागाबाईंच्या, म्हणजे आईच्या नजरेला पडली.

"हे आपल्या घरात काऊन आनलं?"

"शाळेत दाखवाले, आई."

म्हातारी मटकन खाली बसली. शुभांगीबाईंचे वडील मारोती तरुणपणी गावची मेलेली ढोरं ओढत. बौद्ध झालेल्या माणसानं हे काम करायचं नाही म्हणून एके दिवशी त्यांनी ते सोडलं, तर गावानं विहीर बंद केली. तरी ते बधले नाहीत. त्याच हट्टावर हे घर उभं राहिलं, लेक शिकली. आणि आता लेकीनंच हाड घरात आणावं!

"तुह्या बापानं हाड खाली ठेवलं, तवा तुह्या हातात पाटी आली," आई म्हणाली.

"बाबाले हे काम गाव कराले लावत होतं. मी माह्या मर्जीनं नेऊन राह्यली. वर्गात सगळे पोरं हात लावतीन."

"पाटलाचेबी?"

"सगळेच."

"उद्या मी येतो पाहाले."

आता आली का पंचाईत! दुसऱ्या दिवशी बसमध्ये शुभांगीबाईंच्या डोक्यात तेच घोळत होतं. आज एकही हात पुढं आला नाही, तर आईला काय सांगायचं? आणि आपल्यालाच काय सांगायचं?

वर्गात चंद्रभागाबाई मागच्या बाकावर पदर सावरून बसल्या. शुभांगीबाईंनी हाडं टेबलावर मांडली आणि म्हणाल्या, "या, हात लावून बघा." कुणी खिडकीबाहेर बघतंय, कुणी वहीत. पाटलाची भाग्यलक्ष्मी दोन पावलं पुढं आली आणि थांबली. बाईंना मागं बघायचा धीर होईना.

मग भाग्यलक्ष्मीनं बाही वर सारली आणि आपला हात हाडाशेजारी टेबलावर आडवा ठेवला.

"मॅडम, वर एक हाड. आपल्यालेबी एकच. खाली..." तिनं हाडावरून बोट फिरवलं. "खाली आपल्यावानीच दोन हायत, पण जुळले. मधात रेघ लागते हाताले!"

झालं. सगळा वर्ग टेबलावर तुटून पडला. जो तो आपलं कोपर चाचपू लागला.

"म्हणजे काम सारखं म्हणून मूळ एक नसतं," बाई सांगू लागल्या, "ही अभिसारी उत्क्रांती. फुलपाखराच्या पंखात हाडच नाही, कावळ्याच्या आहे. आणि काम वेगळं म्हणून मूळ वेगळं नसतं, ही अपसारी. कावळ्याचा पंख, बैलाचा पाय, आपला हात. मूळ एकच."

हातोहाती फिरत हाड मागच्या बाकापर्यंत पोचलं. "आजी, धरा ना," भाग्यलक्ष्मी म्हणाली. चंद्रभागाबाईंनी हात पुढं केला नाही. पोरीच्या हातातल्या हाडाकडं मात्र त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या.

संध्याकाळच्या बसला गर्दी होती. हाडांची पिशवी चंद्रभागाबाईंनी लेकीच्या हातून कधी घेतली, ते कळलंही नाही. कंडक्टर म्हणाला, "आजी, थैला नीचे रखो."

म्हातारीनं पिशवी मांडीवर घट्ट धरली.

"नाई ठेवत खाली," ती म्हणाली. "शाळेचं सामान हाय."