वजा चार हजार सहाशे

हे गेल्यावर पहिले दोन महिने विजेची बिलं मी उघडलीच नव्हती. तिसरं उघडलं, तर देय रकमेच्या चौकटीत वजा चार हजार सहाशे. वरच्या ओळीत ‘थकबाकी/जमा’ असं छापलेलं. त्यातला पहिला शब्द डोळ्यांत घुसला आणि दुसरा वाचायचा राहूनच गेला.

आता वजाचं म्हणाल तर, आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांची भिशी मी कित्येक वर्षं सांभाळते. जिचे पैसे यायचेत तिच्यापुढे वहीत वजाची रेघ मारते आणि ती देईपर्यंत तिच्या दारात चकरा घालते. म्हटलं, आता आपल्यालाच रेघ लागली.

भीती पैशांची नव्हती हो. मुलगी ठाण्याला असते. दिवसकार्य झाल्यावर ती म्हणाली होती, “आई, सहा महिने डोंबिवलीत एकटी राहून बघ. नाही झेपलं तर हा फ्लॅट भाड्याने देऊ आणि तू माझ्याकडे ये.” मुलगी चांगली, जावईही चांगला. पण तिथे बाविसाव्या मजल्यावरून मी कुणाला हाक मारू? इथे खिडकीतून टोपली सोडली की भाजी वर येते. तेव्हा तिला कळायच्या आत हे फेडायचं, असं ठरवलं.

दोन हजारांचा चेक लिहिला, मागे ग्राहक क्रमांक घातला आणि बिलभरणा केंद्राबाहेरच्या पेटीत टाकला. पेटी काही बोलत नाही, ते एक बरं वाटलं. पुढचं बिल आलं, वजा पाच हजार नऊशे पन्नास. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. भरले की कमी व्हायला हवं ना? म्हटलं, दंड लावला असेल. मग तीन हजारांचा टाकला. त्याच्या पुढच्या बिलात वजा आठ हजार तीनशे.

त्या आठवड्यात काही सुचेना. जिन्यात पावलं वाजली की वाटायचं, कनेक्शन तोडायला आले. भिशीला बायका जमल्या तरी माझं लक्ष दाराकडे. मुलीचा फोन आला, “सगळं ठीक ना?” “ठीक गं, मला काय झालंय,” म्हटलं आणि फोन ठेवून तशीच वीज कार्यालयात गेले.

खिडकीत एक तरुण बाई होती. बिल बघून म्हणाली, “काकू, हे वजा म्हणजे तुमची जमा. तुम्ही काही देणं लागत नाही. दर महिन्याचं बिल यातूनच वळतं होतं. तुम्ही भरत राहिलात म्हणून आकडा वाढला.”

“पण मी पहिला चेक टाकायच्या आधीच वजा होतं. ते कुठून आलं?”

तिने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. “सहा हजार आगाऊ भरलेत, रोख.” तारीख सांगितली. यांच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची.

आमचे हे कधी शेवटच्या तारखेआधी बिल न भरणारे. मी बाकावर जरा बसले. ती म्हणाली, “पाणी देऊ का?”

सहावा महिना भरला त्या रविवारी मुलगी आली. मी सगळं लपवणार होते, पण चहा टाकता टाकता सांगून बसले आणि विजेचा सगळा हिशेब मांडलेली वहीच पुढे केली. “हसलीस तर चहा मिळणार नाही.”

ती हसली. “अगं आई, देणं नसताना पाच हजार भरलेस?” मग तिचं बोट पहिल्या ओळीवर, यांनी भरलेल्या सहा हजारांच्या तारखेवर थांबलं. “त्या दिवशी बाबा मला म्हणाले होते, जरा पाय मोकळे करून येतो.” पुढे बराच वेळ ती वही उलटीसुलटी करत राहिली. निघताना चपला घालत म्हणाली, “फ्लॅटचं राहू दे आत्ता. पण बिल आलं की मला फोटो पाठवायचा.”

पाठवते. वहीत मात्र हिशेब वेगळा ठेवलाय. आधी यांचे पैसे संपणार, मग माझे. यांचे आता सव्वीसशे पन्नास उरलेत. मुलगी म्हणते, उकाड्यात पंखा बंद करून बसू नकोस. लावते. पण दहा मिनिटं झाली की उठते, खाली जाऊन मीटर बघून येते आणि वर आले की पुन्हा बंद करते.