मामांना न सांगितलेलं सेटिंग

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. अंबाबाईसमोर हात जोडून उभी राहिले तेव्हाही दुसरंच काहीतरी मागून परत आले. देवीला काय, तिला ठाऊकच असणार — असं म्हणायचं आणि चपला घालायच्या. तुमच्याजवळ बोलते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखता?

छपाईच्या धंद्यात असाल तर माझा नंबर तुमच्या फोनमध्ये असायचाही. कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम, म्हणजे डीटीपी करणारी इकडची बरीच माणसं अडली की मला फोन करतात. पीडीएफमध्ये फॉन्टच बदलला. फोटो पडद्यावर झकास आणि कागदावर धुरकट. चौकटीत मजकूर मावेना आणि शेवटच्या ओळी गायब. मी सांगते. फोनवरच सांगते, पैसे घेत नाही. ‘मॅडमचा स्वभावच तसा’, असं लोक म्हणतात. स्वभाव कसला — पण थांबा, मी पुढं पळाले.

तसं खोटं मी पुष्कळ बोललेय. या धंद्यात कोण बोलत नाही? लग्नपत्रिकेची फाईल उघडलेलीही नसते आणि आम्ही ‘प्रूफ निघतंय, संध्याकाळी या’ म्हणून मोकळे होतो. ‘फाईल करप्ट झाली’ हे आमचं वाक्य म्हणजे शिंप्याचं ‘फक्त काजंबटणं राहिलीत’. त्याचं मला काही वाटत नाही. असल्या खोट्यानं कुणाचं लग्न मोडलेलं नाही.

मामांचं मात्र मोडलं. लग्न नव्हे — सांगते.

विलासमामा. माझे सख्खे मामा नव्हेत. कॉलेज संपल्या संपल्या लक्ष्मीपुरीतल्या ज्या छापखान्यात मी लागले, तिथले ते मुख्य ऑपरेटर. अख्खा छापखाना त्यांना मामाच म्हणायचा. उचगावहून मोपेडवर यायचे आणि दारातूनच हाळी घालायचे. बढाईखोर माणूस, कशाला लपवू? ‘माझ्यासारखं पान लावणारा कोल्हापुरात दावा, मिशी उतरवतो’, हे आठवड्यातून एकदा तरी व्हायचंच. पण मला शिकवलं त्यांनीच. कीबोर्डवर रुमाल टाकून टाईप करायला लावायचे, बोटांना पाठ होईपर्यंत. चुकले की सगळ्यांसमोर, ‘अगं, भाकरी थापतीस काय?’ सगळे हसायचे. मीही हसायचे. पोटात एक आणि ओठात एक — कधीपासून, ते मलाही सांगता यायचं नाही.

गिऱ्हाईकं त्यांना नावानं विचारत यायची. मी शेजारच्याच खुर्चीवर, तेवढंच काम करणारी, आणि मला म्हणायची, ‘मामा कुठायत, ताई?’ हे मला लागायचं. खूप लागायचं.

मग मालकांनी नवीकोरी मशीनं, म्हणजे कॉम्प्युटर, आणली. नवं सॉफ्टवेअर आलं आणि मजकूर जुने फॉन्ट सोडून युनिकोडमध्ये यायला लागला. त्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी ओतलं की सगळं विस्कटायचं. जोडाक्षरं सुटी व्हायची. पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडं यायची ती पलीकडं जाऊन बसायची. माझंही आधी तसंच झालं होतं. मी पुण्यातल्या एका मैत्रिणीला फोन केला. ती हसली आणि म्हणाली, परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये आपल्या लिप्यांसाठी एक पर्याय आहे, तो निवड. एकही फाईल उघडी नसताना निवडलास तर कायमचा लागेल. झालं. एक क्लिक. मी ते करून टाकलं आणि कुणाला बोलले नाही. तोवर कुणी विचारलंही नव्हतं.

आता येते मुद्द्याला. येते म्हणते आणि बघा, अजून कडेकडेनंच चाललेय.

राधानगरीकडच्या एका दूध संस्थेची स्मरणिका मामांकडं होती. नव्या मशीनवर ज्याचा हात बसेल त्यालाच मी पुढं ठेवणार, असं मालक बोलून चुकले होते. मामांनी मजकूर ओतला आणि तेच झालं. दोन दिवस ते एकटेच झगडले. मग माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. आवाज हळू. मामांचा आवाज मी तोवर असा हळू ऐकलेलाच नव्हता.

“पोरी, तुझ्याकडं बरोबर येतंय की गं. माझ्याच मशीनवर का असं हुतंय?”

काय अवघड होतं? खुर्चीवरून उठायचं, चार पावलं जायचं, एक क्लिक. मी पडद्यावरची नजरसुद्धा काढली नाही.

“काय की, मामा. माझ्याकडं आपोआपच येतंय. तुमच्या मशीनमध्येच कायतरी असंल.”

नोकरी जाईल या भीतीनं बोलले, असं म्हटलं तर तुम्ही समजून घ्याल. पण तसं नव्हतं. नवऱ्याला चांगला पगार होता, माझ्या पगारावर चूल पेटत नव्हती. मला मामांना अडलेलं बघायचं होतं. बस्स. एवढंच, आणि एवढं घाणेरडं.

दुपारपर्यंत सांगू, असं मनात होतं. खरंच होतं का? आता कोण जाणे. दुपारपर्यंत मामांनी स्वतःच मार्ग काढला. चुकलेली प्रत्येक वेलांटी खोडायची. जुन्या फॉन्टमधली वेलांटी एका बारक्या चौकटीत घ्यायची आणि माउसनं सरकवत सरकवत त्या अक्षरावर नेऊन बसवायची. एकेक करून, सगळ्या स्मरणिकेत. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकलेलं, डोळ्यांतून पाणी. मी शेजारून बघत होते. मधे एकदा त्यांना चहाही नेऊन दिला. याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा — सेटिंग सांगितलं नाही, चहा दिला.

प्रूफ देखणं निघालं. संस्थेचे चेअरमन आले, त्यांनी वाचलं आणि म्हणाले, सुरुवातीच्या मनोगतात तेवढी दोन वाक्यं वाढवा. हे काम केलेल्या माणसाला पुढचं इथंच कळलं असेल. मामांनी वाक्यं घातली, मजकूर खाली सरकला आणि वेलांट्या जिथल्या तिथं राहिल्या. पानामागून पान तेच. शब्द एकीकडं, वेलांट्या एकीकडं, कुठं कुठं तर कोऱ्या जागेत लोंबत. चेअरमन हसले. मालक हसले नाहीत. पाहुण्यांसमोर ते जे बोलले ते मी लिहीत नाही. ‘झेपत नसेल तर घरी बसा’, हे त्यातल्या त्यात बरं.

आणि मग मी उठले. ऐन वेळी उठले. “थांबा मामा, मी बघू काय?” मूळ मजकूर पुन्हा ओतला, तो पर्याय निवडला आणि सगळी अक्षरं शहाण्यासारखी जागेवर जाऊन बसली. मग मागं वळून — हे लिहायला हात धजत नाही — मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “एवढंच तर हुतं, मामा.”

त्यांनी चिडायला हवं होतं. मग आधी का बोलली नाहीस, असं विचारायला हवं होतं. मी त्याची तयारी ठेवली होती. मामांनी चेअरमनकडं बघितलं, छाती काढली आणि म्हणाले, “बघितलंसा न्हवं, पावणं? माझ्या हाताखाली तयार झालीया पोरगी.”

त्यांना कुणी काढलं नाही. महिन्याभरात त्यांचंच येणं बंद झालं. खुर्ची मला मिळाली. गिऱ्हाईकं मला नावानं विचारू लागली आणि ते मला आवडलं. हेही सांगायला पाहिजे ना? बरीच वर्षं आवडलं.

मागच्या दिवाळीनंतर एका कामासाठी उचगावात गेले होते. रस्त्याकडेच्या पेंडीच्या दुकानात मामा दिसले. दुकान पुतण्याचं. मला बघून त्यांनी तशीच हाळी घातली, स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. पुतण्या बाहेर पोती उतरवत होता. तिथूनच म्हणाला, “काका, तेवढं बिल काढा की कॉम्प्युटरवर.” मामा एकदम गडबडले. “नगं बाबा. मला त्यातलं काय कळत न्हाय. तूच ये.” टेबलावरच्या कॉम्प्युटरपासून त्यांनी हात असा मागं घेतला, की मला खाली बघावं लागलं. ज्या माणसानं मला हे सगळं शिकवलं, त्याला स्वतःच्या बोटांची भीती वाटत होती. ती त्यांच्यात मी घातली होती.

चहा आला. जरा वेळानं मामांनी विचारलं, “खरं सांग पोरी, तवा माझ्या मशीनला काय झालतं गं? का माझंच डोस्कं चालंना झालतं?”

आणखी काय करायला हवं होतं त्यांनी? दार सताड उघडून धरलं होतं. मी म्हणाले, “मशीन जुनं झालतं, मामा.”

ते मशीन नवंकोरं होतं. त्याचं खोकं मामांनीच फोडलं होतं, नारळही त्यांनीच वाढवला होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग बशी माझ्याकडं सरकवली. “घे, चहा निवंल.”

फोनवर मी फुकट सांगते ते याच्यामुळं. पण त्यानं काही फिटत नाही, हे मला कळतं. शंभर जणांना सांगितलं तरी ज्याला सांगायचं होतं तो त्यांच्यात नाही.

परवा पुन्हा त्या रस्त्यानं जावं लागलं. दुकान उघडं होतं. मामा पोत्यावर बसून कुणाशी तरी मोठमोठ्यानं बोलत होते. मी स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढून घेतला आणि गाडी तशीच पुढं नेली.