पथारीपलीकडचा फटका

महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर मी गोल्फ शिकू लागले, हे सांगतानाही मला आजवर संकोच वाटत आला आहे. नंदुरबारहून रनाळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर एका व्यापाऱ्याने आपल्या मुरमाड जमिनीवर हौसेने खाजगी मैदान केले आहे. तेथे हिरवळ बेताचीच. चेंडू ज्या खळग्यात घालायचा, त्याच्याभोवती तेल शिंपडून दाबलेली वाळू असते. हिवाळ्यात तिसऱ्या खळग्याकडे जाणाऱ्या पट्ट्याचा मधला भाग मिरचीच्या पथारीला दिला जातो. तिथे लाल मिरची उन्हात पसरलेली असते आणि मजूर बाया ती पालथत असतात. फटका त्या पथारीवरून पलीकडे न्यायचा. चेंडू मिरचीत पडला, तर ज्याचा त्याने बूट काढून, बायांना विचारून तो आणायचा आणि पुन्हा आरंभापासून मारायचा, असा तेथील रिवाज.

पहिल्या खेपेला माझा चेंडू अगदी अलीकडच्या ओळीत पडला. तो उचलून त्याच हाताने मी घाम पुसला आणि डोळ्यांतून धारा लागल्या. हरल्यामुळे रडू आले असे समजून मालकांनी सौजन्याने सुचवले की, यापुढे मी चेंडू पथारीच्या पलीकडे ठेवून तिथूनच सुरुवात करावी. त्या सौजन्याने मी अधिकच ओशाळले. पुढे कित्येक रविवार मी मुकाट्याने तसेच केले.

बायांना मात्र प्रत्येकाचा अंदाज होता. ज्याचा चेंडू ज्या ओळीत पडेल, तेवढ्या ओळीतल्याच बाया टोपल्या घेऊन कडेला होत. मालकांच्या फटक्याला कोणी मानही वर करत नसे. तो डोक्यांवरून खूप उंच जाई.

गेल्या रविवारी बाकीच्या पुरुष खेळाडूंचे फटके झाल्यावर मालकांनी नेहमीप्रमाणे मला पलीकडे चलायची खूण केली. मी जागची हलले नाही.

"मी येथूनच मारणार आहे," मी म्हणाले. आणि चेंडू आरंभाच्या खुणेवर ठेवला.

अलीकडच्या ओळीतल्या बाया टोपल्या घेऊन उठल्या. मी घरामागच्या पडीक जागेत रोज सकाळी सरावात केले होते तसेच केले: श्वास सोडला, मान खाली ठेवली आणि मारले. चेंडू अलीकडच्या ओळी ओलांडून गेला आणि शेवटच्या ओळीत, कडेपासून हातभर आत, मिरचीत रुतला.

मी बूट काढून आत गेले. तिथली वयस्क बाई चेंडूपाशी बसली होती. तिने पुरुषमंडळींकडे एकवार पाहिले आणि हळूच विचारले, "पल्याड ढकली देऊ का वं ताई? कोनी देखी नही ऱ्हायना."

"नको, मावशी. पडला तो पडला."

ती हसली. चेंडू पदराला पुसून तिने माझ्या हातात दिला. "मंग डोयाले हात लावू नको," एवढेच म्हणाली.

बूट एका हातात, चेंडू दुसऱ्या हातात, अशी मी पायवाटेने, ताटकळणाऱ्या मंडळींसमोरून, परत आरंभाच्या खुणेशी आले. मालक काही बोलणार होते. मी चेंडू ठेवून उभी राहिले, तेव्हा ते बाजूला झाले.

समोर पाहिले. अलीकडच्या ओळीतल्या बाया या वेळी जागच्या उठल्याच नाहीत. खाली मान घालून मिरची पालथत होत्या. टोपली उचलून कडेला सरकत होती ती शेवटच्या ओळीतली मावशी.

मी मान खाली घातली आणि काठी उचलली.