शिळं पाणी

आज सकाळी नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास आला आणि देऊळगाव राजाच्या शाळेतली मुख्याध्यापकांची माशांची काचेची पेटी डोळ्यांसमोर आली. महाराष्ट्र नवा होता, मीही नवी शिक्षिका. घरी रोज शिळं पाणी ओतून ताजं भरतो, तसंच इथंही करावं म्हणून मी पेटी रिकामी केली आणि विहिरीचं पाणी भरलं. पटकीच्या साथीमुळे आदल्याच दिवशी त्या विहिरीत पावडर टाकली होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. घटकाभरात पाचही मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. "मारले ना! समजत नाही तं हात काऊन लावला?" मुख्याध्यापक भर वर्गात ओरडले. जालन्याहून मांडीवर बरणी धरून ते मासे आणणारे शिपाईमामा घागर घेऊन धावत आले. "परवाचं पाणी हाय, पावडरीच्या आधीचं. ओंजळीनं उचला बाई, घाबरू नका. पयल्या खेपेले माह्या हातानं तं समदेच मेले होते." दोन वाचले. आज संध्याकाळी नातीने मोबाइलवरचा मासे पाळणाऱ्यांचा ग्रुप दाखवला. एका पोरीने तीच चूक सांगितली होती, आणि खाली नुसते हसणारे चेहरे. मी मोबाइल मागून घेतला आणि लिहिलं, "माझे तीन मेले होते, बाळ. पावडरचा वास जाईपर्यंत पाणी शिळं होऊ दे."