उतारावर लावलेली गाडी

माझ्या नव्या मोटरसायकलच्या मीटरवर फोन करणाऱ्याचं नाव उमटतं. ही सोय अख्ख्या अमडापूरला दाखवून झाली होती, काहींना तर दोनदा. त्या सकाळी चिखलीच्या रस्त्याला असताना मीटरवर नाव आलं, ‘साडू सुलतानपूर’. मी गाडी बाजूला घेतली, फोन कानाला लावला आणि नेहमीच्या उत्साहात म्हणालो, “बोला साडूभाऊ, कुठं अडली तुमची म्हातारी गाडी? दोर घेऊन येऊ का?” पलीकडून पुंडलिकरावांच्या मुलाचा, विजयचा आवाज आला. “काका, बाबा गेले. झोपेतच गेले.” नको तिथं नको ते बोलण्यात मी आयुष्यभर नाव कमावलं आहे, पण या वाक्याच्या वर आता मलाही जाता यायचं नाही. पुढं दहाव्याच्या दिवशी हे मी कमलताईंना सांगितलं. वाटलं, रागावतील. त्या डोळे पुसता पुसता हसल्या आणि म्हणाल्या, “त्याईनं ऐकलं असतं तं उठून बसले असते. तुम्हाले उत्तर दिल्याबिगर गेले नसते.”

पुंडलिकराव माझे साडू. त्यांच्या कमलताई आणि माझी सुनंदा सख्ख्या बहिणी. साडू हे नातं मोठं चमत्कारिक. रक्ताचं नाही, निवडीचंही नाही. सासरा दोन अनोळखी माणसांना एका पंगतीत शेजारी बसवतो आणि न बोलता सांगतो, करा आता जन्मभर तुलना. आम्ही ती मनापासून केली. सोयाबीन कोणाचं चांगलं झालं, तूर कोणाची वाळली, आमरसाची तिसरी वाटी सासूबाईंनी कोणापुढं आधी सरकवली, सगळ्याची. पण खरी तुलना गाडीची. तरुणपणी आम्ही दोघांनी एकाच हंगामात एकच गाडी घेतली होती, गावोगाव दिसते ती शंभर सीसीची. दुधाचे कॅन, खताची पोती, बायको आणि दोन लेकरं, सगळं एकदम वाहणारी. त्यानंतर कंपनीने त्या गाडीत जेवढे बदल केले तेवढ्या वेळा मी गाडी बदलली. पुंडलिकरावांची पहिलीच राहिली. नाव दोन्हींचं तेच, फक्त माझ्या टाकीवर दर वेळी एखादं अक्षर वाढत गेलं.

जुनीला कीक, चोक, टाकीखाली पेट्रोलचा कॉक. गोल दिवा, जाड पत्र्याचं मडगार्ड, आणि मीटरचा काटा चाळीसवर जो थांबला तो कायमचा. उभी असतानाही गाडी चाळीसच्या वेगानं जायची. माझ्या नवीला बटन. चोक नाही, कॉक नाही, किती पेट्रोल सोडायचं ते गाडी स्वतः ठरवते. दिवा दिवसाही चालूच. या दिव्याने पहिल्या आठवड्यात माझा जीव घेतला. समोरून येणारा प्रत्येक जण मूठ उघड-मीट करून खुणावायचा, लाइट चालू आहे, लाइट. मी रस्त्याच्या कडेला थांबून बटन शोधायचो. शेवटी दिव्यावर रुमाल बांधून घरी आलो, तेव्हा सुनंदा म्हणाली, “गाडीले डोळे आले का?”

त्याहून मोठी फजिती पुढं होती. थांबलं की गाडी आपोआप बंद पडायची. सुलतानपूरला पुंडलिकरावांच्या दारातच बंद पडली तेव्हा मी तडक तिथल्या रफिकभाई मिस्त्रींकडं ढकलत नेली आणि कंपनीच्या नावानं शंख केला. रफिकभाईंनी हात पुसले, क्लच दाबला, गाडी चालू झाली. “भाऊ, ये बिगाड नहीं है. थांबल्यावर पेट्रोल जळू नये म्हणून ती स्वतःच बंद होते. आपने इसके पैसे दिये है.” परत आलो तो मी शास्त्रज्ञ होऊनच. विजयच्या देखत पुंडलिकरावांना सांगितलं, “याले म्हंतात शास्त्र! नको तवा इंजिन बंद, पाह्यजे तवा चालू. तुमच्या खटाऱ्याले जमन का हे?” पुंडलिकरावांनी सुपारी कातरता कातरता मान वर केली. “जमन नं. काऊन नाई जमनार?” एवढंच म्हणाले… मला वाटलं, हरले.

त्याच सुमारास ते शेताच्या बांधावरून घसरून पडले आणि उजव्या गुडघ्यात ऑपरेशन करून सळई बसवली. पाय ब्रेक दाबायला चालायचा, कीक मारायला नाही. आणि जुनीला कीकशिवाय दुसरा उपाय नाही. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण महिन्याभरात हे गृहस्थ पुन्हा शेतात हजर, बाजारात हजर. त्यांनी अंगणात मुरूम टाकून रस्त्याच्या तोंडाला उतार करून घेतला होता. रात्री गाडी तिथं लावायची, तोंड खाली करून. सकाळी बसायचं, दुसरा गिअर टाकून क्लच दाबायचा, ब्रेक सोडायचा. गाडी आपसूक उतरते, वेग आला की क्लच सोडायचा… लागली, इंजिन सुरू! त्या दिवसापासून पुंडलिकरावांच्या जगात दोनच प्रकारच्या जागा उरल्या, उताराच्या आणि बिनकामाच्या. वर्षानुवर्षांचा चहावाला त्यांनी सोडला, कारण त्याच्यापुढं सपाट होतं. मेहकरला बँकेची कामं करायची तर गाडी दोन गल्ल्या पलीकडं. डोणगावला एका लग्नात सगळ्या गाड्या मांडवापाशी आणि यांची गावाबाहेर टेकाडावर. लंगडत लंगडत जेवायला आले आणि पहिलं काय बोलले असतील तर, “साडूभाऊ, जागा झकास भेटली!” लोक सोयरीक करताना घरदार पाहतात. हे उंबऱ्यापुढचा उतार पाहायचे.

विजयला मात्र हे पटेना. तो चिखलीला नोकरीला, आणि त्याची काळजी काही खोटी नव्हती. हायवेवर ट्रक कसे चालतात ते रोज पाहणारा पोरगा. एकदा आम्ही सगळे सुलतानपूरला असताना त्याने विषय काढलाच. “बाबा, ती गाडी आता एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू. धूर मारते, अ‍ॅव्हरेज राह्यलं नाई. तुम्हाले कुठं जाचं ते मले सांगा, मी नेतो.”

“तू आठवड्यातून एकदा येतं. मले वावरात रोज जा लागते.”

“मंग गडी आहे ना, तो नेईल.”

पुंडलिकरावांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. दुसऱ्याच्या मागे बसून स्वतःच्या वावरात जायचं, हे त्यांच्या तोंडावर असं दिसत होतं की मीसुद्धा गप्प बसलो, आणि मी गप्प बसणं ही आमच्या सासरवाडीत घटना असते. मग ते हळूच म्हणाले, “अ‍ॅव्हरेज नाई म्हंतं नं तू? तुह्या काकाची नवी आन् माही जुनी. दोन्हीत एक एक लिटर टाक. इथून निघू, अमडापूरच्या दिशेनं. माही मांगं राह्यली तं चाबी तुह्या हातात. पुढं गेली तं मंग या घरात कोनी माह्या गाडीचं नाव काढाचं नाई.”

विजय लगेच कबूल झाला. का नाही होणार? नवी गाडी कशी जास्त चालते याचं व्याख्यान त्याने माझ्याच तोंडून ऐकलं होतं. मला तर आनंदाने गुदमरायला झालं… त्या वेळी माझ्या डोक्यात एवढंच होतं की मी जिंकणार. मी जिंकलो तर साडूचं फिरणं थांबणार, या दुसऱ्या भागाला त्या गडबडीत माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

रफिकभाईंनी दोन्ही टाक्या रिकाम्या केल्या आणि बाटलीने मोजून एक एक लिटर भरलं. वजन सारखं हवं म्हणून दोघांच्या मागे आपापली बायको. बहिणी-बहिणींनी दशम्या बांधून घेतल्या होत्या, जणू जत्रेलाच निघाल्या. विजय त्याच्या गाडीवर पंच म्हणून मागे. निघालो, आणि पहिल्याच वळणावर मी पैज विसरलो. म्हणजे असं, की पैज लांब कोण जातं याची होती आणि मी आधी कोण पोचतं याची खेळू लागलो. मेहकर येईपर्यंत पुंडलिकराव आरशात दिसेनासे झाले. “सावकाश घ्या नं,” सुनंदा मागून म्हणत होती. मी ऐकतोय कशाला! वाऱ्यात धोतराचा सोगा फडफडावा तसा माझा अभिमान फडफडत होता. पेट्रोलचा दिवा मीटरवर निघाल्यापासूनच लुकलुकत होता, एका लिटरला तो लुकलुकणारच, म्हणून तिकडं पाहायचंही सोडून दिलं.

चिखली ओलांडून थोडं पुढं गेलो, आणि गाडीने दोन गचके दिले. माझा डावा हात सवयीने टाकीखाली गेला, कॉक रिझर्व्हला फिरवायला. इतकी वर्षं हाताला माहीत होतं की तिथं आणखी थोडं शिल्लक असतं. हात चाचपत राहिला… तिथं काहीच नव्हतं. नव्या गाडीला कॉक नसतो, हे मीच गावभर सांगत फिरलो होतो. गाडी थांबली. मी बटन दाबलं. पुन्हा दाबलं.

“दाबा नं अजून,” सुनंदा उतरत म्हणाली. “फोन लावा कंपनीले. मीटरवर नाव येईन.”

कडूनिंबाखाली दशमी खात आम्ही वाट पाहिली. बराच वेळ कोणी आलं नाही, तेव्हा माझी खात्री पटली की त्यांचं पेट्रोल चिखलीच्या अलीकडंच संपलं असणार. आणि मग मागच्या चढाच्या टोकावर एक गाडी दिसली. माणूस ताठ बसलेला, मागे ताईंचा हिरवा पदर. पण आवाज नव्हता. गाडी उतरत होती आणि फक्त चेनची किरकिर ऐकू येत होती, सायकलसारखी. माझ्या डोक्यात उजेड पडला तो तेव्हा. या बाबाने सुलतानपूरपासून प्रत्येक उताराला इंजिन बंद केलं होतं! उतार संपत आला की दुसरा गिअर, क्लच सोडला की लागली. कीक मारता येत नाही म्हणून रोज जे करत होते, तेच सबंध रस्ताभर केलं. आमच्यासमोरून जाताना पुंडलिकरावांनी मुंडी वळवली. “साडूभाऊ, दशमी ठेवजा मले!” ताई तर चक्क हात हलवत होत्या, पुढाऱ्यासारखा. उताराच्या तळाशी गाडीने एक झटका घेतला, धूर सोडला आणि पुढचा चढ चढून गेली.

अमडापूरच्या अलीकडच्या चढावर तिचं पेट्रोल संपलं. मागून येऊन थांबलेल्या विजयने मला तिथवर नेलं, सुनंदा निंबाखालीच बसली. आम्ही पोचलो तर हे दगडावर बसून सुपारी कातरत होते, शेजारी ताई. विजयचा चेहरा लाल झालेला. “बाबा, हे चालत नाई. इंजिन बंद करून कोनी अ‍ॅव्हरेज काढते का?”

“लिटर किती ते ठरलं होतं. इंजिन किती येळ चालू ठेवाचं, ते कुठं ठरलं होतं?”

“काका, तुम्ही सांगा. तुम्ही हरले ना? तुम्हीच सांगा.”

तिघेही माझ्याकडं पाहू लागले. पुंडलिकराव हसत नव्हते. सुपारी हातात तशीच, अडकित्ता उघडा. मी ‘चालत नाही’ म्हटलं असतं तर मी जिंकत होतो… आणि हा माणूस उद्यापासून गड्याच्या मागे बसून वावरात जाणार होता. तेव्हा कुठं तो दुसरा भाग माझ्या डोक्यात शिरला. मी घसा साफ केला. “विजय, माही गाडी थांबल्यावर स्वतः बंद होते, तवा मी काय म्हनलो होतो? शास्त्र म्हनलो होतो. कंपनीनं केलं तं शास्त्र आन् तुह्या बापानं केलं तं लबाडी, असं कसं होईन बे? जिंकले ते.”

पुंडलिकरावांनी अडकित्ता मिटला. उठले आणि त्या सळईच्या पायावर उभं राहून भर रस्त्यात एक हात कमरेवर, एक हात वर, लेझीमच्या पवित्र्यात एक गिरकी घेतली. शेजारून जाणाऱ्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवला, तो त्यांनी सलामी समजून स्वीकारला. विजय आधी कपाळाला हात लावून बसला, मग त्यालाही हसू आवरेना. दुसऱ्याच आठवड्यात त्याने जुनीला दोन्ही टायर नवे टाकले, ब्रेकचे लायनर बदलले आणि बापाला हेल्मेट आणलं. “नाव नाई काढत गाडीचं,” म्हणाला, “पन हे घाला.” पुंडलिकरावांनी घातलं. जिंकलेल्या माणसाला एखादी अट मान्य करायला जड जात नाही.

त्यानंतर ते शेवटच्या दिवसापर्यंत स्वतः गाडी चालवत वावरात गेले. आता माणूस गेल्यावर आपण म्हणतो, सुटला बिचारा. पुंडलिकरावांबद्दल हे मला म्हणवत नाही. ते अडकलेच नव्हते कुठं. आदल्या संध्याकाळी बाजारातून येऊन त्यांनी गाडी अंगणातल्या उतारावर लावली होती, तोंड रस्त्याकडं. मी पोचलो त्या सकाळी दाराशी एवढी माणसं, आणि गाडी तशीच, निघायच्या तयारीत.

परवा विजय सुट्टी काढून आला होता. ताई इतक्या दिवसांत घराबाहेर पडल्या नव्हत्या. त्याने विचारलं, “आई, मावशीकडं येतं का अमडापूरले? कार करतो.” ताई म्हणाल्या, “कार कायले? हे गाडी आहे नं.” मी तिथंच होतो, माझी नवी घेऊन. विजय जुनीवर बसला. धडधाकट पोरगा, कीक मारणं त्याला काय अवघड! पण त्याने कीककडं पाय नेलाच नाही. ताई मागे बसल्या, पदर खोचला. त्याने दुसरा गिअर टाकला, ब्रेक सोडला. गाडी मुरुमावरून खाली निघाली, आवाज न करता… ताईंनी डोळे मिटले होते. तळाशी झटका बसला आणि ती लागली, पहिल्या दमात.

मीही मोठ्या रुबाबात बटन दाबलं, गिअर टाकला आणि माझी बंद पडली. स्टँड खाली असलं की ही गाडी गिअरात चालू राहत नाही, हे मला अजून लक्षात राहत नाही. वाकून स्टँड वर केलं, तोवर ती दोघं चढ ओलांडून पार दिसेनाशी झाली होती.