टपाचं गाऱ्हाणं

आमच्या मांगरात ना म्हैस, ना गवत, ना नांगर. गाडी आहे. विलायती बनावटीची, दोन दारांची, वरचा टप घडी करून मागे पाडता येतो अशी. सासऱ्यांनी ती तरुणपणी गोव्यातल्या एका घराण्याकडून घेतली आणि वालावलला आणून बांधली. बांधलीच म्हणायचं, कारण तेव्हापासून ती फारशी कुठे गेली नाही आणि तिच्यापायी आम्हीही नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला विहीर दाखवली, देवघर दाखवलं आणि मांगराकडे बोट करून म्हणाल्या, "ती माझी सवत." मी हसले. हसायला काय जातंय, तेव्हा मी नवी होते.

सासूबाई गेल्या आणि बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, गाडी नीट करायला काढली. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात ती एकदा उभी करायची, हा त्यांचा ध्यास. इंजिन झालं, रंग झाला, चाकं झाली. राहिला टप. मूळचा टप खाऱ्या हवेनं कधीच कुजून गेला होता. माझा नवरा जहाजावर असतो. त्यानं परदेशातल्या कुठल्याशा बंदरावरून अगदी तसल्याच विणीचं काळं कापड आणलं, एका टपापुरतं. कुडाळच्या एका कारागिरानं ते बेतलं, अर्धंमुर्धं लावलं आणि काम तसंच टाकून तो गोव्याला निघून गेला. मग बाबांची नजर माझ्यावर पडली. लग्नाआधी मी शिवणाचा डिप्लोमा केला होता. त्या डिप्लोम्यानं माझा घात केला.

आता आमच्याकडे नवं काम काढलं की देवळात गाऱ्हाणं घालतात. मानकरी देवापुढे उभे राहून मागणं मागतात आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून रुकार देतात. हे लहानपणापासून इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की गाढ झोपलेल्या माणसाच्या कानाशी कुणी "बा देवा म्हाराजा" म्हटलं, तरी तो "व्हय म्हाराजा" म्हणून कूस बदलेल. वाक्य ऐकलंच पाहिजे असं काही नाही. मी तर त्या दिवशी मुळीच ऐकत नव्हते. घरी गॅसवर उकडा भात ठेवून आले होते आणि तो लागेल या काळजीत होते. बाबा मानकऱ्यांच्या कानाशी लागले. त्यांनी मान हलवली आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरच्या सुनेन टपाचा काम हातात घेतल्यान हा."

"व्हय म्हाराजा."

"ज्या हातान पयलो टाको घातलो, त्याच हातान शेवटचो टाको पडान दे."

"व्हय म्हाराजा."

"आणि तो पडासर तिना दुसऱ्या घरात रात काढूची नाय."

"व्हय म्हाराजा," बहुतेक मीच सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले. कारण शेजारच्या काकी वळून माझ्याकडे बघायला लागल्या. परतताना त्या म्हणाल्या, "बाय गो, कसल्याक व्हय म्हटलंस, ता तरी ऐकलंस?" तेव्हा मला कळलं, शेवटचा टाका पडेपर्यंत मी दुसऱ्या घरात रात्र काढायची नाही. घरी आले तर भातही लागला होता.

पहिल्यांदा मी हसण्यावारी नेलं. टप तो काय, घालीन टाके, होईल महिन्याभरात. पण या प्रदर्शनवाल्यांची गंमत मला माहीत नव्हती. गाडी नुसती देखणी दिसून त्यांचं भागत नाही. कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती, तश्शी हवी. पणजीहून एक परीक्षक आधीच बघायला आले. सभ्य माणूस. आंबोळ्या खाल्ल्या, चटणीचं कौतुक केलं, मग मांगरातल्या जमिनीवर चक्क पाठ टेकून टॉर्चनं टपाच्या आत बघत राहिले. म्हणाले, "कापड उत्तम आहे. धागा मात्र नायलॉनचा दिसतोय, तेव्हा सुती असायचा. आणि इथे स्टेपल मारलेत. इथे बारीक खिळे हवेत." झालं. सगळं उसवलं. पुढच्या खेपेला मागच्या खिडकीचे कोपरे जास्त गोल निघाले. पुन्हा उसवलं. मग अस्तराचा रंग. परीक्षकांचं त्यावर काही म्हणणं नव्हतं, पण बाबांचं होतं.

"असो नव्हतो," ते अस्तराला नाक लावून म्हणाले. "हो पिवळो मारता. मोगऱ्याच्या कळयेसारखो व्हतो. टप लावन ती एकदाच बसली माझ्या वांगडा, मालवणसून येताना. भायर पाऊस, नि आत ह्या अस्तराचो उजेड. माका दिसता अजून."

ती म्हणजे सासूबाई. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही आणि तिच्या आठवणीशी तर नाहीच. मी अस्तर उसवलं. पण खरं सांगते, एकेक टाका दात खाऊन तोडला.

अशात लेकीला दिवस गेले. ती पुण्यात नोकरी करते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण डॉक्टरनं तिला प्रवास नको म्हटलं, तेव्हा मीच जायचं ठरलं. सातव्यात जाते म्हटलं, टप राहिला. आठव्यात म्हटलं, टप राहिला. लेक फोनवर काही म्हणायची नाही, नुसतं विचारायची, "आई, झाला का गं टप?"

नवरा म्हणाला, मोड की शब्द, काय होतंय. समुद्रावरून बोलायला काय जातंय! मी सायन्स शिकलेली बाई, एरवी कशाला भीत नाही. पण लेक पोटुशी असताना देवापुढचा शब्द मोडून बघायचा? तिला काही कमीजास्त झालं असतं, तर गावानं बोल लावायची गरज नव्हती. मीच मला जन्मभर खाल्लं असतं. आणि शब्द पाळावा, तर तिच्याजवळ जाता येत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी मानकऱ्यांनाही गाठून विचारलं. ते म्हणाले, "गाऱ्हाण्याक दुसरा गाऱ्हाणाच व्हया. नि त्याका घरच्या कर्त्याचो रुकार व्हयो." कर्ते म्हणजे बाबा. मी त्यांच्यापाशी विषय काढला.

"टप पुरो कर," ते म्हणाले, "नि मगे खंय व्हया थंय जा."

मी रात्रंदिवस त्या गाडीतच राहू लागले म्हटलं तरी चालेल. मान वर, हात वर, डोळ्यांत अस्तराचे तंतू. बोटं टोचून टोचून बधिर झालेली. मांगराच्या दारातून समोर खाडी दिसायची, होड्या जाताना दिसायच्या, आणि मी एका न चालणाऱ्या गाडीत बसलेली. कधीकधी वाटायचं, काडी लावावी.

शेवटी नुसता कडेचा गोट घालायचा राहिला. त्या दिवशी आख्खी वाडी लग्नाला मालवणला गेली होती. दुपारी बाबा म्हणाले, एकदा टप लावून बघूया, कापड किती ताणतं ते कळेल. मी आत मागच्या सीटवर, सांध्याजवळचं अस्तर हातानं सारखं करत होते. बाबांनी बाहेरून कमान पुढे ओढली, अंगाचं सगळं वजन घातलं, आणि पुढच्या काचेवरच्या कड्या खाटकन लागल्या. बाजूचा लोखंडी सांधा सरळ होऊन बसला. त्यात माझी वेणी गेली.

कानामागून अशी कळ गेली की तोंडातून आवाज फुटेना. आणि बाहेर बाबा गाडीभोवती फिरत होते. मला काचेतून ते दिसत होते. टपावरून हात फिरवत होते, मागे जात होते, पुन्हा जवळ येत होते. "असोच," ते स्वतःशीच म्हणत होते, "असोच व्हतो." मी ओरडले तेव्हा कुठे त्यांनी आत वाकून बघितलं.

त्यांनी कड्या सोडवायचा प्रयत्न केला. लावताना वजन घालून लावल्या होत्या, सोडवताना वजन कशावर घालणार? नवं कापड ढोलासारखं ताणलेलं. दोन दांडगे गडी असते तर कमान रेटून सांधा दुमडला असता. पण गडी सगळे लग्नात जेवत होते. खिळे एकेक करून काढायचे, तर बाबांची अधू नजर आणि म्हातारे हात. दिवेलागण झाली असती. तरी म्हटलं, असू दे, बसते दिवेलागणीपर्यंत. आजवर काय निराळं करत होते?

तेवढ्यात सीटवर ठेवलेला फोन वाजला. जावई होता. "आई, कळा लवकर सुरू झाल्यात. ॲडमिट केलंय. ती तुम्हालाच विचारतेय."

कुडाळहून पुण्याची गाडी संध्याकाळी सुटते. मी रिक्षावाल्याला फोन केला, तो लग्नातून उठून येतो म्हणाला. मग बाबांना सगळं सांगितलं. माझी शिवणाची कातर मांडीवरच होती. सांध्याजवळ कापडाला वीतभर काप दिला असता, तर सांधा ढिला होऊन वेणी निघाली असती. मी कातर उचलली तसा त्यांनी खिडकीतून हात घालून माझं मनगट धरलं.

"कापडाक नको," ते म्हणाले. "वेणी काप. केस वाढतत गो. कापड वाढणा नाय."

माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. रागानं. केसांचं मला एवढं नव्हतं, तेवढ्यापुरती मी वेणी कापलीही असती. पण वेणी कापून मी जाणार कुठे होते? गोट राहिलाच होता. शेवटचा टाका पडल्याशिवाय मला दुसऱ्या घरात रात्र काढता येत नव्हती. वेणी कापून मी फक्त मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर आले असते.

मी कातर खाली ठेवली. मान वाकडी, वेणी सांध्यात, तशीच हात जोडले आणि मोठ्यानं म्हटलं, "बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," बाबांच्या तोंडून निघून गेलं. एवढ्या वर्षांची जिभेची सवय ती.

"ह्या घरची सून ह्या टपाखाली अडाकली हा."

"व्हय म्हाराजा."

"तिचा चेडू थंय पुण्यात आयेशिवाय कळो सोसता हा."

"व्हय म्हाराजा." आवाज जरा उतरला.

"त्या आयेची वाट मोकळी होवंदे. तेच्यासाठी टपाच्या कापडाक कातर लागली, तरी ती देवाक मान्य होवंदे."

"व्हय म्हाराजा," म्हणून झालं, आणि मग त्यांना कळलं ते काय म्हणाले. त्यांनी कातरीकडे बघितलं, टपाकडे बघितलं. मी थांबले नाही. थांबले असते तर धीर सुटला असता.

"आणि ज्या हातान कातर लावली, त्याच हातान ह्यो टप आता पुरो होवंदे."

यावर रुकार आला नाही. आता ते ऐकत होते. मला वाटलं, संपलं, हे काही हो म्हणत नाहीत. मी रडत होते, हे मला तेव्हा कळलं, कारण मान वाकडी असल्यानं पाणी कानात जात होतं. बाबांनी वाकून माझ्याकडे बघितलं. टपाकडे नाही, माझ्याकडे. मग सावकाश, एकेक अक्षर तोलून म्हणाले, "व्हय... म्हाराजा."

आणि हात पुढे केला. "कातर हयसर दी."

त्यांनीच कापलं. काप वाकडा गेला, पण कातर लावणारा हात आता त्यांचा होता. कापड फाटताना जो आवाज झाला तो अजून माझ्या कानात आहे, आणि त्यांच्याही असेल. सांधा सुटला. मी दार उघडून बाहेर पडले आणि त्यांच्या पाया पडायचंही मला सुचलं नाही. रिक्षा अंगणात शिरताना मागे वळून बघितलं, तर ते गाडीत जाऊन बसले होते, मी बसायची तिथे.

मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा उजाडत होतं. लेकीनं माझा हात असा दाबला की टोचलेली बोटं कळवळली. मधेच कळ थांबली तशी ती म्हणाली, "आई, तुझ्या केसांना काळं काय लागलंय?" सांध्याचं ग्रीस होतं. वेणीभर. ती हसली, आणि पुढच्या कळेला पुन्हा ओरडली. सकाळी नात झाली.

प्रदर्शनाला गाडी गेली नाही. बारशानंतर कधीतरी दुपारी बाबांचा फोन आला. पणतीचं नाक कुणासारखं, दूध पुरतं का, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, "मी पॅच लावतंय टपाक. सुयेत दोरो जायना. तू काय करतंस?"

"टोक तोंडात घालून ओला करुचा," मी सांगितलं.

फोनवर दोरा चोखल्याचा आवाज आला. ओवला असावा. मग एकदम "स्स" केलं त्यांनी.

"टोचली?" मी विचारलं.

"टोचली," ते म्हणाले. "तुकाव टोचायची काय गो?"

"रोज, बाबा."

"तू कदी बोललंस नाय."

"तुमी टपाकडे बघी होतास," मी म्हटलं.